भाड्याच्या घरातली निजायची खोली



"भाड्याच्या घराला कशाला एवढं करायचं?" हे वाक्य ज्या घरात एकदाही बोललं गेलं नाही, असं भाड्याचं घर मला दाखवाच! आमच्याकडे ते लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ऐकू आलं. कराडचं घर होतं. मी पडद्याचं कापड बघून आले होते, निळ्या फुलांचं. हे म्हणाले, "अगं, दोन वर्षांत बदली होणार. स्वतःचं घर झालं की हवं ते कर." मलाही ते पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात? मग कराडहून सोलापूर, सोलापूरहून रत्नागिरी, आणि आता गेल्या दिवाळीपासून सातारा. अकरा वर्षांत चार घरं झाली, आणि चारही घरांत आमच्या निजायच्या खोलीला एकच सजावट: एक ट्यूबलाइट, लोखंडी कपाट, दाराच्या खुंटीला लटकलेले कपडे आणि खिडकीला मागच्या भाडेकरूने सोडून दिलेला पडदा.

बाहेरच्या खोलीचं तसं नसतं हं. तिथे पाहुणे येतात, म्हणून तिला जरा बरं रूप देतोच आपण. आतल्या खोलीत आपल्याशिवाय कोण येतं? खरं म्हणजे तिथे आपण रोज येतो, दिवसभराचं दमून येतो. पण हे मला सुचायला अकरा वर्षं लागली. तीही एक वस्तू वाया जाता जाता वाचली तेव्हा! ती हकिगत पुढे सांगते. आधी कामाचं.

पहिलं काम भिंतीचं नाही, कागदाचं. तुम्ही म्हणाल, सजावटीच्या पानावर हे काय? पण रत्नागिरीचं घर सोडताना आमच्या अनामतीतून तीन हजार रुपये कापले गेले ते चौदा खिळ्यांपायी, आणि त्यातले नऊ आम्ही ठोकलेच नव्हते. आमच्याआधीच्यांचे होते ते. पण सिद्ध कसं करणार? तेव्हापासून मी एक नियम केला आहे. सामान आत घेण्याआधी रिकाम्या खोलीत उभं राहून चारही भिंती, खिडकी, नळ, फरशी, सगळ्याचे फोनवर फोटो काढायचे आणि त्याच दिवशी घरमालकांना पाठवायचे. भांडणाच्या सुरात नाही, "काका, घर आजपासून आमच्याकडे, हे असं आहे" एवढंच लिहून. खिळा ठोकायचा असला किंवा रंग द्यायचा असला, तरी तोंडी विचारून झाल्यावर पुन्हा दोन ओळी लिहून पाठवा.

आणि करारनामा स्वतः वाचा. आपल्याकडे तो पुरुषमाणसांनी सही करायचा कागद समजला जातो. मी बी. ए. झालेली, शाळेत सातवीला व्याकरण शिकवणारी बाई, पण तीन घरांचे करार मी डोळ्यांनी पाहिले नव्हते! १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या ५५ व्या कलमाप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसली आणि वाद निघाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे कुणाला भिववायला नाही सांगत. माहीत असलेलं बरं. साताऱ्याच्या आमच्या करारात "भिंतीस इजा पोहोचवू नये" असं वाक्य आहे. मालकीणबाईंना मी सरळ विचारलं, "काकू, इजा म्हणजे किती?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जुने खिळे आहेत ते वापर गं, नवे नको." एवढ्यावर आमची खोली सजली.

आता खोली. दहा फूट बाय अकरा. एका भिंतीत कडप्प्याचे तीन उघडे कप्पे, पश्चिमेला चार फुटी खिडकी, भिंतींना फिकट पिस्ता रंगाचं डिस्टेंपर. हा रंग मला आवडत नाही, अजूनही आवडत नाही. पण भाडेकरणीने पहिली अक्कल हीच शिकायची की जे बदलता येत नाही त्याच्याशी झगडत बसू नये, त्याला शोभेल असं बाकीचं निवडावं. पिस्त्याला मरून आणि मोहरीचा पिवळा रंग छान शोभतात, गुलाबी मुळीच शोभत नाही. चादर, पडदा, अभ्रे यांत मिळून दोन किंवा फार तर तीन रंग ठरवा आणि त्यांना धरून राहा. निम्मी सजावट तिथेच होते.

डिस्टेंपरच्या भिंतीला ते चिकटे हुक लावायला जाऊ नका. दोन दिवस राहतात आणि पडताना रंगाचा पोपडा घेऊन पडतात. ते हुक गुळगुळीत फरशीवर, काचेवर, लोखंडी कपाटावर किंवा ऑइल पेंटवर टिकतात. टाइलवर डिंकाचा डाग राहिला तर खोबरेल तेल चोळून थोड्या वेळाने पुसावा, निघतो. आणि तुमचं लोखंडी कपाट आहे ना, जे आजवर खोलीतली सर्वांत कुरूप वस्तू समजत होता, ती एक मोठी भिंतच आहे बरं का! चपटी लोहचुंबकं आणून त्याच्या कुशीला काय हवं ते लावा. आमच्या कपाटाच्या कुशीवर यांचे राजगडावरचे जुने फोटो आहेत आणि धाकटीची चित्रं. महिन्याला बदलता येतात.

तरी खिळा ठोकलाच असला, तर घर सोडताना तो उपटून भोक तसंच ठेवू नका. भोकातली भुकटी झटकून, जरा पाणी लावून, वॉल पुट्टी दाबून भरावी, वाळली की बारीक पॉलिशपेपरने घासावी आणि वरून बोटभर रंग लावावा. रंगाचा नंबर घरमालकांकडून आधीच विचारून ठेवा. टूथपेस्टने बुजवायची युक्ती सांगतात ती मीही करून पाहिली आहे. वाळल्यावर आक्रसते आणि भोक पुन्हा तोंड उघडतं.

पडद्याबद्दल मात्र मी जरा सविस्तर सांगणार आहे. खोलीचं रूप एका वस्तूने बदलायचं असेल तर ती पडदा, आणि घर सोडताना काढून न्यायची सर्वांत सोपी वस्तूही तीच.

खिडकी चार फूट रुंद असेल तर पडद्याचं कापड चार फूट घेऊन चालत नाही. दीडपट ते दुप्पट घ्यावं, म्हणजे चुण्या पडतात. नाहीतर वाळत घातलेल्या पंचासारखं दिसतं. आता हिशोब करू. नेहमीची सहावारी सुती साडी ब्लाऊजपीस सोडून साधारण साडेपाच मीटर भरते, म्हणजे अठरा फूट, आणि तिचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. खिडकीची उंची चार फूट, त्यात वरची पट्टी आणि खालची दुमड धरून पाच फुटांचा एक तुकडा. एका साडीतून असे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे शेजारी लावले की नव्वद इंच झाले, म्हणजे आपल्या अठ्ठेचाळीस इंचांच्या खिडकीला जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या तुकड्याचे उशांचे अभ्रे. असं कापलं की साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, फार सुरेख दिसतात. काठ खालीच हवा असेल तर साडी आडवी धरायची, पण मग पन्हा हीच पडद्याची लांबी होते. साडेतीन फुटांपेक्षा उंच खिडकीला ती पुरत नाही, तोकड्या परकरासारखी दिसते.

कापण्याआधी साडी एकदा भिजवून वाळवून घ्या. नवी असेल तर आटते. आणि रेशमी साडी उन्हाच्या खिडकीला लावू नका, कितीही मोह झाला तरी! ऊन रेशमाला खातं. माझ्या एका मैत्रिणीने आजीची जुनी पैठणी पडद्याला लावली, दोन उन्हाळ्यांत घडीघडीवर विरली. पश्चिमेची खिडकी असेल तर पडद्याला मागून जुन्या फिकट धोतराचं किंवा साडीचं अस्तर लावा. सोलापूरच्या घरात हे कळलं असतं तर चार एप्रिल-मे सुखात गेले असते. अंगावर खण-साडीचा काठ आणि मागे सासूबाईंच्या नऊवारीचं अस्तर, असा आमचा आताचा पडदा आहे. दुपारी चारला खोलीत पाऊल टाकलं की फरक कळतो.

दांडा बसवायला भिंतीत भोकं पाडावी लागतात ही अडचण. खिडकीला जुने ब्रॅकेट असतील तर प्रश्न नाही. नसतील तर चौकटीच्या आत दोन्ही बाजूंना ताण देऊन बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, खिळा लागत नाही. हलकाच पडदा पेलतो तो, हे लक्षात ठेवा.

दिव्याचं थोडक्यात सांगते. छतावरच्या एकाच पांढऱ्या दिव्याने निजायची खोली दवाखान्यासारखी वाटते. एलईडी दिव्याच्या खोक्यावर आकडा असतो तो वाचा: ६५०० के म्हणजे पांढराशुभ्र, २७०० ते ३००० के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. नऊ वॅटचा एक पिवळसर दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो. तो उशाशी, खाली ठेवलेल्या दिव्यात लावा. संध्याकाळी वरचा दिवा बंद करून हा लावला की पिस्ता रंगसुद्धा सुसह्य होतो!

आता "आपली आवड" म्हणजे काय, याबद्दल. मासिकांतल्या चित्रांत जी खोली दिसते ती कुणाचीच नसते. तिथे कुणाचा चष्मा पडलेला नसतो, सर्दीचं मलम नसतं. आणि आपली खोली आपल्या एकटीची तरी कुठे असते? आमच्या त्या दहा बाय अकरात पलंग आमचा, खाली गादीवर धाकटी, आणि सासूबाई आल्या की धाकटी आणि मी खाली. म्हणून मी आधी यांना विचारलं, "अहो, या खोलीत तुमचं काय असावं?" हे बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, नेहमीसारखं "काही नको" म्हणणार. तर म्हणाले, "दादांचं डेस्क." मामंजींचं उतरत्या झाकणाचं बसकं लाकडी डेस्क, ज्याच्यावर ते हिशोब लिहीत, ते चारही घरांत माळ्यावर गोणपाटात बांधलेलं होतं. खाली उतरवलं, बेलतेलाचा हात दिला. आज तेच पलंगाशेजारचं टेबल आहे. त्याच्यावर दिवा, आत यांची औषधं आणि माझे तपासायचे पेपर. त्यांनाही इतकी वर्षं काही हवं होतं, हे मला विचारल्यावाचून कसं कळणार होतं?

आपल्याकडच्या वस्तू म्हणाल तर बाजारात जाण्याआधी ट्रंक उघडा. सोलापूरची जाड चादर उन्हाळ्यात कुणी अंगावर घेत नाही, पण पलंगावर पसरली तर वर्षानुवर्षं रंग धरते. आमच्या साताऱ्याकडे जिला वाकळ म्हणतात ती गोधडी घडी करून पायथ्याशी ठेवा, तिचे टाके दिसू द्या. गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे ब्लाऊजपीस म्हणून ओटीत आलेले प्रत्येकीकडे असतात. दोन खण जोडून उशीचा अभ्रा होतो. वारली चित्र हवं असेल तर भिंतीवर रंगवू नका, कापडावर किंवा प्लायवर काढलेलं घ्या. ही चित्रं मुळात वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर लिहीत. लग्नाचा चौक तो. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदा-कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा हाताने काढलेलं चित्र विकत घ्यावं, छापलेलं नको, असं आपलं मला वाटतं.

ट्रंक उघडा म्हटलं, ते उगीच नाही.

माझ्या लग्नाच्या आधी आईने दोन उन्हाळे बसून मला एक चादर भरून दिली होती. पांढरी सुती, कडेने गव्हाच्या ओंब्या, मध्ये साखळी टाक्याची वेल, वेलीला मरून फुलं. मिरजेच्या आमच्या घरात दुपारी माजघराच्या दाराशी ती बसायची, उजेड असेपर्यंत. मी म्हटलं होतं, "आई, ही मी माझ्या स्वतःच्या घरात अंथरीन." आणि जपून ठेवली. खळ दिलेली, इस्त्री केलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी. चार गावांना ती आली आणि एकदाही उलगडली नाही.

सातारला सामान लावताना धाकटीने ती बाहेर काढली. "आई, ही कुणाची?" घडी उलगडली तर प्रत्येक दुमडीवर पिवळी रेघ, आणि मधल्या वेलीवर कसरीने खाल्लेली अकरा भोकं. मी मोजली. रत्नागिरीच्या ओलीत ट्रंक भिंतीला टेकून राहिली होती, आणि खळ म्हणजे कसरीचं जेवणच! धुवायचं ते मी माझ्या हाताने तिला वाढून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. यांनी बाहेरून पोळ्या आणल्या आणि काही बोलले नाहीत.

तुमच्याही ट्रंकेत असं काही असणार, म्हणून पुढे काय केलं ते सांगते. आधी ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर दाबून पाहिलं, रंग उतरतो का. उतरला नाही. मग कोमट पाण्यात साधा साबण घालून रात्रभर भिजवली, न पिळता निथळली, सकाळच्या उन्हात पसरली. असं तीनदा. ब्लीच अजिबात वापरलं नाही, ते जुन्या सुताला आणखी विरवतं आणि भरतकामाचा रंगही नेतं. पिवळेपणा पूर्ण गेला नाही, पण रेघा फिकट झाल्या. भोकांना मागून मलमलीचे तुकडे लावले आणि वरून त्याच मरून रंगाची छोटी फुलं भरली. जिथे आईची वेल होती तिथे माझी अकरा फुलं जास्त झाली. टाका मला तिच्यासारखा येत नाही. मला पंधरा दिवस लागले, पेपर तपासून झाल्यावर रात्री.

यापुढे चांगलं कापड ठेवायचं असेल तर खळ न देता, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये नको. वर्षातून दोनदा काढून ऊन दाखवा आणि घडी वेगळ्या जागी मोडा. ट्रंक, कपाट भिंतीपासून चार बोटं दूर असू द्या. पण त्याहून सोपं म्हणजे वापरा! वापरातल्या चादरीला कसर लागत नाही.

आता ती आमच्या पलंगावर असते. सणावारी नाही, आठवड्याआड. धाकटीने तिच्यावर एकदा चहा सांडलाही. सगळ्या खोलीला मिळून खर्च आला दोन हजार तीनशे चाळीस रुपये, त्यातला निम्मा दांडा आणि दिव्याचा. रत्नागिरीला कापले गेले त्याहून कमी.

मार्चमध्ये आई राहायला आली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, सुईत दोरा ओवता येत नाही तिला आता. मी मुद्दाम काही सांगितलं नाही, भीतीच वाटत होती. संध्याकाळी पलंगावर टेकली आणि सवयीने चादरीवरून हात फिरवायला लागली. मधल्या वेलीवर हात थांबला. पुन्हा मागे नेला.

"हा टाका माझा नव्हे गं," म्हणाली.

मी सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं तिने. बोटांनी फूल चाचपत म्हणाली, "दोरा तीनपदरी घेतलास. दोन पदर पुरे होते." आणि मग धाकटीला हाक मारली, सुईत दोरा ओवून दे म्हणून.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधीची माळ्याची आवराआवर. तोवर ट्रंक उघडून बघा, आणि आत काय निघालं ते मला जरूर कळवा.